ज्योतीचा खरा वेग कसा काढायचा: वक्रता, स्ट्रेच आणि प्रीमिक्स्ड ज्वलन

मिथेन आणि हवा यांचे अचूक प्रमाणातले, आधीच एकजीव केलेले (प्रीमिक्स्ड) मिश्रण एका बंद गोल चेंबरमध्ये भरा, मधोमध ठिणगी टाका आणि फुलत जाणारा ज्योतीचा गोळा हाय-स्पीड कॅमेऱ्याने टिपा. गोळ्याची त्रिज्या १० मिमी असताना ती सेकंदाला साधारण २.३३ मीटर वेगाने वाढत असते. २५ मिमीला पोचेपर्यंत हाच वेग २.५४ होतो. मिश्रण तेच, दाब तोच, तापमानही तेच. मग यातला मिश्रणाचा स्वतःचा वेग कोणता? दोन्ही नाहीत. तो २.७ च्या आसपास असतो आणि संपूर्ण चित्रीकरणात एकाही फ्रेममध्ये दिसत नाही. तो हिशेबाने काढावा लागतो.

ज्वलनाच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ही गोष्ट सर्वांत आधी समजून घ्यावी असे मला मनापासून वाटते. ज्योतीचा वेग सांगताना ती किती ताणलेली होती हे सांगितले नाही, तर तो आकडा अर्धवट असतो. मिथेनसारख्या शंभर वेळा मोजून झालेल्या वायूचे जुने आकडे एकमेकांशी जुळत नसत, त्याचे मोठे कारण हेच होते. प्रत्येकाची ज्योत वेगवेगळ्या प्रमाणात ताणलेली होती आणि तो ताण कोणी वजा करत नव्हते. १९८४ मध्ये वू आणि लॉ यांनी ताण शून्यावर नेऊन वेग काढण्याची रीत दाखवली. त्यानंतर हे आकडे हळूहळू जवळ येऊ लागले.

हा लेख ती रीत हाताने करून बघण्यासाठी आहे. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे गणित पुरेसे आहे.

पायरी १: वक्रता आणि स्ट्रेच यांची गल्लत थांबवा

ज्योतीच्या पृष्ठभागावरचा एक छोटा तुकडा डोळ्यांसमोर आणा. त्याचे क्षेत्रफळ दर सेकंदाला स्वतःच्या किती पट वाढते, तो आकडा म्हणजे स्ट्रेच, वर ज्याला ताण म्हटले तोच. त्याचे एकक 'दर सेकंदाला' असे येते. ही कल्पना कार्लोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये मांडली. वक्रता ही वेगळी गोष्ट आहे. तो तुकडा किती वाकलेला आहे, एवढेच ती सांगते.

दोन्ही गोष्टी बऱ्याचदा जोडीने येतात म्हणून एकच वाटतात. परातीत भाकरी थापताना बघा. ती पूर्ण सपाट असते, तरी हाताखाली तिचे क्षेत्रफळ वाढतच असते. समोरासमोरच्या दोन नळ्यांतून मिश्रण सोडून मधे पेटवलेल्या जोड-ज्योती अशाच असतात. त्यांना वक्रता नसते, पण स्ट्रेच भरपूर असतो, कारण येणारा वायू मधोमध आदळून चहूबाजूंना पसरतो आणि ज्योतीला सोबत ओढत नेतो.

याच्या उलट, जागच्या जागी स्थिर असलेली गोलाकार ज्योत वाकलेली असते, पण तिचे क्षेत्रफळ बदलत नाही. म्हणजे वक्रता आहे आणि स्ट्रेच शून्य. ठिणगीतून फुलत जाणारा गोळा वाकलेलाही असतो आणि ताणला जाणाराही. त्याच्यासाठी सूत्र अगदी सोपे आहे:

स्ट्रेच = २ × (त्रिज्या वाढण्याचा वेग) ÷ त्रिज्या

चिन्हाचा नियम पक्का लक्षात ठेवा. ज्योतीचा फुगवटा न जळलेल्या मिश्रणाच्या दिशेने असेल तर वक्रता धन, जळालेल्या वायूच्या दिशेने असेल तर ऋण. फुलणारा गोळा धन असतो. बुन्सेन बर्नरच्या शंकूचे टोक ऋण असते, कारण तिथे न जळलेले मिश्रण शंकूच्या आत असते आणि टोकाशी ज्योत आक्रसते. अर्धे घोटाळे या चिन्हापाशी होतात, म्हणून प्रत्येक आकृतीवर 'जळालेले' आणि 'न जळलेले' असे लिहूनच पुढे जा.

पायरी २: मिश्रणाचा लुईस नंबर आधी काढा

ताण पडल्यावर ज्योत मंदावेल की भडकेल? याचे उत्तर प्रयोगाआधीच बरेचसे देता येते.

धन वक्रतेच्या ज्योतीत दोन प्रवाह एकमेकांविरुद्ध चालतात. उष्णता ज्योतीतून बाहेरच्या थंड मिश्रणाकडे जाते, आणि बाहेर जागा जास्त असल्यामुळे ती पसरून विरळ होते. हा ज्योतीचा तोटा. इंधन बाहेरून आत येते, आणि आत जागा कमी असल्यामुळे ते एकवटते. हा फायदा. कोण जिंकते ते ठरवणारा आकडा म्हणजे लुईस नंबर: उष्णता पसरण्याची क्षमता भागिले ज्या घटकाची टंचाई आहे त्याची विसरण क्षमता. लीन मिश्रणात, म्हणजे इंधन कमी असताना, टंचाई इंधनाची असते. रिच मिश्रणात ती ऑक्सिजनची असते.

खोलीच्या तापमानाला आणि एक वातावरण दाबाला हवेसारख्या मिश्रणाची उष्णता-विसरण क्षमता साधारण ०.२२ चौ. सेंमी प्रति सेकंद धरा. नायट्रोजनमध्ये मिथेनची विसरण क्षमताही जवळजवळ ०.२२ आहे, म्हणून लीन मिथेनचा लुईस नंबर १ च्या अगदी जवळ येतो. हायड्रोजनची साधारण ०.७८ आहे. भागाकार ०.२८ येतो, आणि हायड्रोजनमुळे मिश्रणाची स्वतःची क्षमता थोडी वाढते हे धरले तर ०.३ ते ०.४. प्रोपेनचा रेणू जड आणि सुस्त, ०.११ ते ०.१२ च्या आसपास, म्हणून लीन प्रोपेनचा लुईस नंबर १.८ च्या घरात जातो.

लुईस नंबर १ पेक्षा बराच कमी असेल तर धन स्ट्रेचने ज्योत जोर धरते, बराच जास्त असेल तर ती मंदावते. ऋण स्ट्रेचला सगळे उलट.

इथे एक बारकावा आहे. लुईस नंबर बरोबर १ असला तरी फुलणाऱ्या गोळ्यावर स्ट्रेचचा परिणाम शून्य होत नाही. वायू जळताना सात-साडेसात पट प्रसरण पावतो आणि ज्योतीला स्वतःची जाडी असते. एवढ्यावरूनच वेगात थोडी घट होते. म्हणून मिथेनचा गोळा सुरुवातीला संथ दिसतो. 'लुईस नंबर १, म्हणजे दुरुस्तीची गरज नाही' असा निष्कर्ष कोणी काढला तर तो मान्य करू नका.

पायरी ३: आधी डोळ्यांनी बघा

चेंबर आणि कॅमेरा हाताशी नसला तरी कॉलेजच्या प्रयोगशाळेतला बुन्सेन बर्नर असतो. आपल्याकडे तो बहुतेक एलपीजीवर, म्हणजे प्रोपेन-ब्युटेनवर चालतो, आणि या कामाला एलपीजी फार छान आहे. खोलीतला उजेड कमी करा, आजूबाजूला वारा नको आणि शिक्षक सोबत असू द्या.

हवेची कडी पूर्ण उघडून स्वच्छ, टोकदार निळा शंकू तयार करा. आता कडी अगदी सावकाश बंद करत न्या आणि नजर फक्त आतल्या शंकूच्या टोकावर ठेवा. हवा कमी होत जाते तसा शंकू हिरवट होतो. मग एका टप्प्यावर बाजू स्पष्ट राहतात, पण टोक अंधूक होते आणि तिथे जणू भोक पडते. त्या भोकातून काजळीची पिवळी रेघ वर जाताना दिसते. याला टोक उघडणे म्हणतात. रिच प्रोपेनमध्ये टंचाई ऑक्सिजनची असते, लुईस नंबर १ च्या खाली उतरतो, आणि टोकाला स्ट्रेच ऋण असतो. पायरी २ मधला नियम उलटा लावला की टोक दुबळे पडायलाच हवे. मूळ कल्पना एवढी स्वच्छ दाखवणारा याहून स्वस्त प्रयोग मला माहीत नाही.

नशीब असेल तर याच भागात शंकूला पैलू पडलेले दिसतात. पाच-सहा पाकळ्या, मधे गडद कडा, आणि कधीकधी सगळी रचना अक्षाभोवती फिरते. स्मिथेल्स आणि इंगल यांनी १८९२ मध्ये नोंदवलेल्या या बहुपैलू ज्योती. गडद कडा म्हणजे ऋण वक्रतेच्या जागा, टोकासारख्याच दुबळ्या. पैलूंचे फुगवटे न जळलेल्या मिश्रणाकडे असतात आणि उजळ दिसतात.

शंकूच्या कोनावरून वेगही काढता येतो: नळीतल्या वायूचा वेग गुणिले अर्ध्या कोनाचा साइन. वायू सेकंदाला १ मीटर वेगाने येत असेल आणि अर्धा कोन २२ अंश असेल तर उत्तर ३७ सेंमी प्रति सेकंद. अंदाज म्हणून हे चांगले आहे, पण शंकूच्या बाजूंवरही थोडा ऋण स्ट्रेच असतो आणि नळीची कड उष्णता ओढून घेते. त्यामुळे हा आकडा प्रबंधात अंतिम म्हणून लिहू नका.

पायरी ४: चेंबर भरणे

चेंबर फुटला तर माणसे जखमी होतात, म्हणून आधी सुरक्षितता. बंद चेंबरमध्ये एक वातावरणावरून सुरुवात केली तरी मिथेन-हवा जळल्यावर दाब आठ-नऊ पट होऊ शकतो. चेंबरची आणि काचेच्या खिडक्यांची याहून बरीच वरच्या दाबाला पाण्याने चाचणी झालेली असावी, सेफ्टी व्हॉल्व्ह चालू असावा आणि ठिणगीचे बटण आडोशामागे असावे. हायड्रोजनचे काम एकट्याने कधीही करू नका.

मिश्रण आंशिक दाबाने भरतात, म्हणजे एकूण दाबातला ज्याचा त्याचा वाटा मोजून एकेक वायू आत सोडतात. मिथेनचे स्टॉइकिओमेट्रिक प्रमाण (इंधन आणि ऑक्सिजन दोन्ही पूर्ण संपतील असे अचूक प्रमाण) आकारमानाने ९.५ टक्के, म्हणजे १०१.३ किलोपास्कलमध्ये ९.६ किलोपास्कल मिथेन. दाबमापकात ०.१ किलोपास्कलची चूक झाली तर इक्विव्हॅलन्स रेशो, म्हणजे इंधन-हवेचे गुणोत्तर स्टॉइकिओमेट्रिकच्या किती पट आहे तो आकडा, एक टक्क्याने सरकतो. स्टॉइकिओमेट्रिकजवळ हे खपून जाते, कारण तिथे वेगाचा आलेख माथ्यावर सपाट असतो. पण हा रेशो ०.७ च्या आसपास असताना आलेख इतका चढता असतो की प्रमाणातल्या एक टक्का चुकीने वेगात सुमारे तीन टक्के चूक येते. म्हणून लीन मिश्रणासाठी इंधन वेगळ्या, लहान पल्ल्याच्या आणि जास्त अचूक मापकाने भरा.

भरल्यावर पंख्याने मिसळा, पंखा बंद करा आणि हालचाल पूर्ण थांबेपर्यंत काही मिनिटे थांबा. घाई केली तर गोळा एका बाजूला कलतो.

पायरी ५: चित्रीकरण

साध्या प्रकाशात ज्योत अंधूक दिसते. घनतेतला फरक दाखवणारी श्लीरेन किंवा शॅडोग्राफ पद्धत वापरा. फ्रेमची संख्या आधी कागदावर ठरवा. स्टॉइकिओमेट्रिक मिथेनचा गोळा ८ मिमीपासून २५ मिमीपर्यंत जायला साधारण ७ मिलिसेकंद घेतो. सेकंदाला ५,००० फ्रेम असतील तर तुम्हाला ३५ फ्रेम मिळतील आणि दोन फ्रेममधे त्रिज्या अर्धा मिमी वाढेल. स्टॉइकिओमेट्रिक हायड्रोजनचा गोळा सेकंदाला १५ मीटरच्या आसपास वाढतो, तेव्हा तेवढ्याच फ्रेमसाठी ३०,००० चा दर लागेल.

त्रिज्या मोजताना एकाच रेषेवरचे दोन बिंदू घेऊ नका. ज्योतीच्या कडेने बंदिस्त झालेले पूर्ण क्षेत्रफळ मोजा आणि त्या क्षेत्रफळाच्या वर्तुळाची त्रिज्या काढा. इलेक्ट्रोडजवळचा भाग चेपलेला असतो, तो वगळा.

लगतच्या दोन फ्रेमच्या वजाबाकीने वेग काढणे ही सर्वांत महागात पडणारी सवय. त्रिज्येत ०.१ मिमी अनिश्चितता आणि दोन फ्रेममधे ०.५ मिमी वाढ असेल, तर एकेका वेगात पाव हिश्शाहून जास्त गोंधळ शिरतो. पाच-सात फ्रेमच्या गटातून सरळ रेषा बसवून मधल्या क्षणाचा वेग घ्या. किंवा त्याहून चांगले म्हणजे वेग काढूच नका. ते पायरी ७ मध्ये येते.

पायरी ६: कोणती त्रिज्या धरायची

सुरुवातीच्या फ्रेममध्ये ठिणगीची उष्णता बोलत असते. किमान ६ मिमी, आणि शक्य तिथे ८ ते १० मिमीपर्यंतच्या फ्रेम सोडून द्या. प्रोपेनसारख्या जास्त लुईस नंबरच्या लीन मिश्रणात ठिणगीचा प्रभाव आणखी लांब टिकतो. तिथे गोळा आधी ठिणगीच्या जोरावर वेगात, मग ऊर्जा ओसरल्यावर एकदम संथ, आणि नंतर पुन्हा चढत्या वेगाने जाताना दिसतो. वेग-स्ट्रेच आलेखावर हा आकडीसारखा वाकलेला भाग ओळखा आणि त्याच्या पुढून मोजा.

शेवटाकडे भिंत आड येते. त्रिज्या चेंबरच्या त्रिज्येच्या ०.३ पटीपर्यंतच ठेवा. तिथे जळालेला वायू चेंबरच्या आकारमानाचा २.७ टक्के असतो आणि दाब सुमारे तीन टक्क्यांनी वाढलेला असतो. त्यापुढे न जळलेले मिश्रण दाबले जाऊन तापते, आणि भिंतीमुळे वायूची बाहेर सरकण्याची वाटही अडते.

आणखी दोन कारणांनी फ्रेम बाद होतात. मिश्रणाचा वेग सेकंदाला १५ सेंमीच्या खाली असेल तर गोळा गरम असल्याने वर तरंगतो आणि छत्रीसारखा होतो. आणि पृष्ठभागावर घरे पडू लागली, म्हणजे पेशींसारखे तुकडे दिसले, की क्षेत्रफळाचा हिशेबच बदलतो. एकदोन भेगा इलेक्ट्रोडपासून निघालेल्या असतात, त्यांचे फार वाटून घेऊ नका. पण त्या भेगा फुटून सगळीकडे जाळे पसरले, की त्या त्रिज्येपाशी थांबा.

ही घरे दोन कारणांनी पडतात. एक म्हणजे दारिउस (१९३८) आणि लँडाऊ (१९४४) यांनी दाखवलेली अस्थिरता. गरम वायू हलका होतो एवढ्या कारणानेच सपाट ज्योत सुरकुतते. गोळा लहान असताना स्ट्रेच या सुरकुत्या ओढून सरळ करतो, गोळा मोठा झाला की त्याचा जोर संपतो. दुसरे कारण कमी लुईस नंबर. तिथे प्रत्येक फुगवटा आणखी भडकतो आणि प्रत्येक खळगा विझत जातो, त्यामुळे घरे फार लवकर पडतात. दाब वाढवला की ज्योत पातळ होते आणि हे सगळे आणखी आधी घडते. म्हणून प्रिन्स्टनमध्ये ६० वातावरण दाबापर्यंत हायड्रोजन मोजताना नायट्रोजनच्या जागी हेलियम वापरला गेला. हेलियममुळे उष्णता झपाट्याने पसरते, लुईस नंबर चढतो आणि गोळा गुळगुळीत राहतो.

पायरी ७: स्ट्रेच शून्यावर न्या

आता मुख्य काम. मार्कस्टाइन यांनी १९५१ मध्ये ज्योतीचा वेग वक्रतेवर अवलंबून असतो असे मांडले. त्यांचे नाव असलेली 'मार्कस्टाइन लांबी' म्हणजे वेग स्ट्रेचला किती दबतो याचे माप:

दिसणारा वेग = स्ट्रेचविना वेग − मार्कस्टाइन लांबी × स्ट्रेच

सुरुवातीच्या मिथेनसाठी स्ट्रेचविना वेग २.७ मीटर प्रति सेकंद आणि मार्कस्टाइन लांबी ०.८ मिमी धरून मी हिशेब मांडतो. गोळ्याचे सूत्र घातले की असे आकडे येतात (वेग मीटर प्रति सेकंद, स्ट्रेच दर सेकंदाला):

त्रिज्या ८ मिमी: वेग २.२५, स्ट्रेच ५६३
त्रिज्या १० मिमी: वेग २.३३, स्ट्रेच ४६६
त्रिज्या १५ मिमी: वेग २.४४, स्ट्रेच ३२५
त्रिज्या २० मिमी: वेग २.५०, स्ट्रेच २५०
त्रिज्या २५ मिमी: वेग २.५४, स्ट्रेच २०३

आडव्या अक्षावर स्ट्रेच आणि उभ्या अक्षावर वेग घेऊन हे बिंदू मांडा. रेषा डावीकडे शून्यापर्यंत वाढवली की २.७ ला उभा अक्ष छेदते, आणि उतार ०.८ मिमी मिळतो. लक्षात घ्या, मोजलेला सर्वांत लहान स्ट्रेच २०३ आहे. २०३ पासून शून्यापर्यंतचा प्रवास तुम्ही फक्त रेषेच्या भरवशावर करता. चेंबर मोठा असेल तर हा प्रवास छोटा होतो, म्हणूनच मोठ्या चेंबरवर पैसे खर्च करणे योग्य आहे.

वरच्या समीकरणाचे एकदा समाकलन केले की वेग काढण्याची गरजच उरत नाही:

त्रिज्या + २ × मार्कस्टाइन लांबी × (त्रिज्येचा नैसर्गिक लॉग) = स्ट्रेचविना वेग × वेळ + स्थिरांक

त्रिज्या आणि वेळ यांच्या कच्च्या आकड्यांवर हे थेट बसवा. कॅमेऱ्याचा गोंधळ फुगत नाही. पायथनमध्ये हे काही ओळींचे काम आहे.

सरळ रेषा नेहमी पुरते का? लुईस नंबर १ च्या जवळ असेल तर पुरते. दूर असेल तर नाते वाकडे असते आणि सरळ रेषा फसवते. मग दोन पर्याय आहेत. एकात वेग स्ट्रेचऐवजी थेट वक्रतेशी सरळ रेषेत जोडतात: दिसणारा वेग = स्ट्रेचविना वेग × (१ − २ × मार्कस्टाइन लांबी ÷ त्रिज्या). दुसरे केली आणि लॉ यांनी २००९ मध्ये प्रयोगांसाठी रुळवलेले अरेषीय सूत्र आहे, ज्यात वेगाच्या गुणोत्तराचा वर्ग आणि त्याचा लॉग येतो. साधारणपणे लुईस नंबर १ पेक्षा जास्त असेल तर पहिले, कमी असेल तर दुसरे अधिक जवळ जाते. माझा आग्रह असा की तिन्ही बसवून बघा. तिघांची उत्तरे एक-दोन टक्क्यांत आली तर निर्धास्त राहा. फार लांब गेली तर त्यातले आवडते निवडू नका. तुमचा त्रिज्येचा पल्ला अपुरा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

पायरी ८: घनतेचा भागाकार

कॅमेऱ्यात दिसतो तो जळालेल्या वायूच्या फुगण्यासकटचा वेग. न जळलेल्या मिश्रणाच्या सापेक्ष वेग हवा असेल तर प्रसरणाच्या पटीने भागा. स्टॉइकिओमेट्रिक मिथेनसाठी ती सुमारे ७.५ आहे. २.७ भागिले ७.५ म्हणजे ३६ सेंमी प्रति सेकंद, आणि मान्य आकड्यांच्या पंक्तीत हे नीट बसते. १० मिमीला दिसलेला २.३३ तसाच भागला असता तर ३१ आले असते, चौदा टक्के कमी.

भागाकार स्ट्रेच शून्यावर नेल्यानंतरच करा. ताणलेल्या ज्योतीच्या आतल्या वायूचे तापमान समतोलाच्या (उष्णता न गमावता पूर्ण जळलेल्या वायूच्या) तापमानापेक्षा वेगळे असते, आणि ७.५ ही पट समतोलाच्या तापमानावरून काढलेली आहे.

पडताळणीसाठी वेगळ्याच पद्धतीचा आधार घ्या. आइंडहोवेनमध्ये द खूय यांच्या गटाने १९९३ मध्ये विकसित केलेल्या हीट फ्लक्स बर्नरवर ज्योत सपाट आणि ताणाविना बसते, त्यामुळे तिथे शून्यावर नेण्याचा प्रश्न येत नाही. आपल्या जवळ आयआयटी मुंबईत बाहेरून तापवलेल्या, रुंद होत जाणाऱ्या चपट्या चॅनेलमध्ये सपाट ज्योत स्थिर करून वेग काढला जातो. दोन स्वतंत्र रीतींनी आकडा जुळला की तो आत्मविश्वासाने लिहिता येतो.

पायरी ९: मार्कस्टाइन लांबीचे चिन्ह वाचा

वेगाइतकीच ही लांबी बोलकी आहे. मिथेनमध्ये मिश्रण रिच होत जाते तशी ती वाढते. हायड्रोजनमध्येही तसेच, पण लीन बाजूला ती चक्क ऋण होते, म्हणजे गोळा जितका लहान तितका वेगवान. प्रोपेनमध्ये उलट: लीन बाजूला मोठी आणि रिच होताना घटती. तुमच्या प्रोपेनच्या आलेखात ती चढती दिसली तर आधी वायूंच्या नळ्यांची जोडणी तपासा.

याचे परिणाम प्रयोगशाळेबाहेर जाणवतात. ठिणगीतून जन्मणारा गोळा अगदी इवला असतो, म्हणजे त्याच्यावर स्ट्रेच प्रचंड. लीन प्रोपेनचा असा गोळा ताणाने विझू पाहतो, म्हणून त्याला पेटवायला जास्त ऊर्जा लागते. प्रोपेन सर्वांत सहज पेटते ते रिच बाजूला, मिथेन मात्र किंचित लीन बाजूला.

हायड्रोजनचे प्रकरण सर्वांत गंभीर आहे आणि आता ते आपल्या दाराशी आले आहे. जानेवारी २०२३ मध्ये सुरतजवळ कवास इथे एनटीपीसीने पाइपच्या नैसर्गिक वायूत हायड्रोजन मिसळून घरांना द्यायला सुरुवात केली. हायड्रोजन-हवा मिश्रणात ज्योत वरच्या दिशेने ४ टक्क्यांपासूनच चढू शकते, खालच्या दिशेने मात्र तिला ८-९ टक्के लागतात. ४ टक्क्यांचे मिश्रण पूर्ण जळले तरी इतके कमी तापते की सपाट ज्योत त्यात जगूच नये. ती जगते तुटक टोप्यांच्या आणि गोळ्यांच्या रूपात, कारण वाकलेल्या जागी चपळ हायड्रोजन आजूबाजूने धावत येऊन एकवटतो. सपाट ज्योतीचा हिशेब करून गळतीची सुरक्षित मर्यादा ठरवणे म्हणूनच धोक्याचे आहे.

या टोकाच्या अवस्थेचे भाकीत झेल्दोविच यांनी १९४४ मध्ये केले होते: स्थिर, न वाढणारा ज्योतीचा गोळा. पृथ्वीवर तो तरंगून मोडतो. १९८४ मध्ये रॉनी यांना तो ड्रॉप टॉवरच्या (उपकरण उंचावरून खाली सोडण्याच्या मनोऱ्याच्या) क्षणिक वजनरहित अवस्थेत दिसला, आणि पुढे अंतराळयानात त्यावर प्रयोग झाले. २००३ च्या कोलंबियाच्या शेवटच्या उड्डाणात, ज्यात कल्पना चावला होत्या, असा एक गोळा ८१ मिनिटे टिकला. या गोळ्यांची शक्ती एखाद-दोन वॉट असते, वाढदिवसाच्या केकवरच्या मेणबत्तीची सुमारे ५० वॉट. पायरी १ मधले 'वक्रता आहे, स्ट्रेच शून्य' हे उदाहरण ते हेच.

पायरी १०: निकाल कसा लिहायचा

वेगाच्या आकड्यासोबत सुरुवातीचा दाब, तापमान, इक्विव्हॅलन्स रेशो आणि त्यातली अनिश्चितता, वापरलेल्या त्रिज्येचा पल्ला, चेंबरचा आकार आणि कोणत्या सूत्राने शून्यावर नेले ते द्या. मार्कस्टाइन लांबी जळालेल्या वायूच्या बाजूची की न जळलेल्या, हे स्पष्ट लिहा, कारण दोन्ही वेगळ्या असतात.

मार्कस्टाइन नंबर देणार असाल तर आणखी सावध राहा. तो म्हणजे लांबी भागिले ज्योतीची जाडी, आणि जाडीच्या व्याख्या एकाहून अधिक आहेत. तापमानाच्या सर्वांत तीव्र चढावरून काढलेली जाडी मिथेनसाठी साधारण ०.४५ मिमी येते. उष्णता-विसरण क्षमता भागिले वेग या व्याख्येने ती ०.०६ मिमी येते. त्याच ०.८ मिमी लांबीचा मार्कस्टाइन नंबर पहिल्या व्याख्येने १.८ आणि दुसऱ्या व्याख्येने १३ होतो. दुसऱ्या कोणाच्या निकालाशी तुलना करताना आधी त्यांची व्याख्या शोधा. ती सापडली नाही तर नंबर सोडा आणि मिलिमीटरमधल्या लांबीचीच तुलना करा.

शेवटी त्रिज्या आणि वेळ यांचे कच्चे आकडे परिशिष्टात नक्की जोडा. उद्या शून्यावर नेण्याचे अधिक चांगले सूत्र निघाले, तर तुमच्याच प्रयोगातून दुसरा कोणी अधिक अचूक वेग काढू शकेल.